मायग्रेनमुळे चक्कर येते? मग गोळ्यांचं गणित आधी नीट समजून घ्या

मायग्रेन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कपाळ धरून बसलेला माणूस येतो. पण कितीतरी मायग्रेनवाल्यांचं डोकं अटॅकमध्ये फारसं दुखतच नाही, उलट खोली गरगर फिरते, जमीन हलल्यासारखी वाटते, मान वळवली की पोटात ढवळतं, आणि घरचे म्हणतात पित्त झालंय नाहीतर बीपी बघ. ह्याला डॉक्टर व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. हे निदान नुकतंच झालंय, हातात तीन वेगवेगळ्या स्ट्रिप आहेत आणि कुठली रोज घ्यायची कुठली फक्त त्रास झाल्यावर ह्याचा गोंधळ उडालाय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, ह्या गोळ्यांसोबत राहिलेली पेशंट आहे, त्यामुळे तुमचा डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरचंच काम, पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय सांगायचं हे आधी माहीत असलं की त्या दहा मिनिटांचा उपयोग होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. औषधं दोन जातीची असतात. एक अटॅक आल्यावर घ्यायची, तो अटॅक निभावून न्यायला. दुसरी रोज घ्यायची, बरं वाटत असलं तरी घ्यायची, पुढचे अटॅक कमी यावेत म्हणून. ह्या दोन जातींची अदलाबदल झाली की सगळं बिघडतं. चक्करची गोळी महिनोन्महिने रोज चालू आणि रोजची गोळी मात्र "आज बरं आहे" म्हणून सोडून दिलेली, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी म्हणालं गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही तर मी पहिला प्रश्न हाच विचारते, कुठली गोळी आणि कधी घेत होतात.

पायरी १: निदान खरंच तेच आहे ना

गोळ्यांच्या आधी हे, कारण चक्कर येण्याची कारणं ढीगभर आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. बाराणी सोसायटी (चक्कर आणि तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि इंटरनॅशनल हेडेक सोसायटी ह्या दोघांनी मिळून २०१२ मध्ये व्हेस्टिब्युलर मायग्रेनचे निकष ठरवले. सोप्या भाषेत सांगायचं तर चक्करचे कमीत कमी पाच अटॅक येऊन गेलेले असावेत, ते मध्यम किंवा जोराचे असावेत, एक अटॅक पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकावा, मायग्रेन आत्ता असावं किंवा पूर्वी कधीतरी होऊन गेलेलं असावं, आणि निम्म्या तरी अटॅकमध्ये मायग्रेनचं काहीतरी लक्षण सोबत असावं. म्हणजे मायग्रेनसारखी डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं, किंवा डोळ्यासमोर ते वाकडेतिकडे चमकणारे पट्टे दिसणं. आणि दुसरं कुठलं कारण जास्त चपखल बसत नसावं. डोकं दुखलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही हे लक्षात घ्या, घरच्यांना पण सांगा.

ह्याच्यासाठी अशी कुठली ब्लड टेस्ट नाही की एमआरआयमध्ये दिसतं असंही नाही. त्या तपासण्या सांगतात ते बाकीची कारणं बाजूला काढायला. त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणजे तुम्हाला काही झालेलंच नाही असं नसतं.

दोन भिडू इथे हमखास घोटाळा करतात. पहिला बीपीपीव्ही, म्हणजे कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हलतात आणि अंथरुणात कूस बदलली, वर बघितलं, खाली वाकलं की काही सेकंद, साधारण मिनिटाच्या आत, जोरात गरगरतं आणि थांबतं. ह्याच्यावर गोळी नसते, डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते कण परत जागेवर नेतात, त्याला एप्ली म्हणतात. मायग्रेनवाल्यांना बीपीपीव्ही इतरांपेक्षा जास्त होतो, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि मग गोळ्या चालू असूनही सकाळी उठताना गरगरतं आणि माणूस वैतागतो. दुसरा मेनिएर्स, हा आतल्या कानाचा आजार, त्यात चक्करसोबत एका कानानं कमी ऐकू येतं, कानात घोंगावतं, कान भरल्यासारखा वाटतो. तेव्हा ऐकण्याची टेस्ट एकदा करून घ्या, टाळू नका.

डॉक्टरला नुसतं "चक्कर येते" सांगू नका. आजूबाजूचं फिरतं का, तुम्ही स्वतः फिरताय असं वाटतं, का बोटीत बसल्यासारखं डुलतं, का उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, हे चार वेगवेगळे प्रकार आहेत आणि शेवटच्या प्रकारात तर बीपीच्या गोळ्यांकडे बघावं लागतं.

आणि हे आधीच सांगून ठेवते. चक्करसोबत जीभ जड होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, चेहरा वाकडा होणं, एकाचे दोन दिसणं, धरूनसुद्धा उभं राहता न येणं, कधी नव्हे इतकं अचानक भयंकर डोकं किंवा मान दुखणं, शुद्ध हरपणं, ह्यातलं काहीही झालं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल. तुम्हाला वीस वर्षं मायग्रेन असलं तरी. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर तेही तातडीचं आहे, लवकर उपचार मिळाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते, "आठवडाभर बघू" करू नका.

पायरी २: डायरी, कंटाळा आला तरी

मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, वहीत लिहा, काहीही चालेल. पण औषध लागू पडतंय का हे ठरवायला दुसरं काही साधनच नाहीये आपल्याकडे. आपली आठवण फार बेभरवशाची असते, परवाचा जोराचा अटॅक आठवतो आणि मधले बरे गेलेले अठरा दिवस विसरतो.

एका अटॅकची नोंद साधारण अशी: "१४ तारीख, सकाळी ७ ला उठताना सुरू, ३ तास, खोली फिरत होती, १० पैकी ७, उजेड नको वाटला, डोकं दुखलं नाही, उलटी १, गोळी एक घेतली तासाभरानं, पाळीचा दुसरा दिवस, आदल्या रात्री झोप कमी." बस्स एवढंच. निबंध लिहायचा नाही. पण त्यात गोळी कधी घेतली ते हवंच, आणि महिन्याच्या शेवटी एक आकडा काढायचा, ह्या महिन्यात अटॅकची औषधं एकूण किती दिवस घेतली. तो आकडा पुढे लागणारे.

पायरी ३: अटॅक आल्यावरची औषधं

इथे थोडं थांबून बोलू कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

अटॅकच्या वेळी दोन गोष्टी आटोक्यात आणायच्या असतात, गरगरणं आणि मळमळ-उलटी. त्यासाठी जी औषधं देतात ती साधारण अशी: डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन, ही अँटिहिस्टामिनच्या घरातली, गाडी लागू नये म्हणून देतात तीच मंडळी. प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड, डोम्पेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन, ही उलटीसाठी, आणि ह्यातली प्रोक्लोरपेराझिन गरगरण्यावर पण देतात. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव बारीक अक्षरात, ते बारीक अक्षरातलं वाचायची सवय लावा, कारण दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच औषध निघतं आणि माणूस नकळत डबल डोस घेतो.

घ्यायचं कसं? लवकर. गरगरणं चढत चाललंय असं वाटलं की डॉक्टरनं सांगितलेली गोळी तेव्हाच, उलट्या सुरू झाल्यावर नाही, कारण मायग्रेनच्या अटॅकमध्ये पोट मंदावतं आणि गिळलेली गोळी तशीच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. ज्यांना हमखास उलट्या होतात त्यांनी डॉक्टरकडे जिभेवर विरघळणारी गोळी किंवा गुदद्वारातून घ्यायचं औषध मागावं, मिळतं, फक्त आपण विचारत नाही. गोळी उशाशी ठेवा, बाथरूमच्या कपाटात नाही, कारण गरगरत असताना कपाटापर्यंत जाणं म्हणजे पडायला आमंत्रण. पाण्याची बाटली, एक पिशवी किंवा टमरेल आणि ती स्ट्रिप, तिन्ही हाताच्या अंतरावर. मग अंधार करून पडून राहायचं, डोकं शक्यतो हलवायचं नाही, डोळे उघडे ठेवायचे असतील तर समोरच्या एकाच ठिकाणी नजर रोखायची.

ह्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. गाडी चालवायची नाही, त्या दिवशी तर नाहीच. दारू नाही. वयस्कर माणसाला देताना तर जास्तच सांभाळून, झोपेच्या गुंगीत रात्री उठून पडण्याची भीती असते.

प्रोक्लोरपेराझिन आणि मेटोक्लोप्रमाइड घेतल्यावर क्वचित कोणाची मान किंवा जबडा वाकडा होतो, डोळे वर जातात, नाहीतर आतून अशी बेचैनी सुटते की एका जागी बसवत नाही. तरुण मुलामुलींमध्ये हे जास्त दिसतं. घाबरायला होतं पण त्याच्यावर उतारा आहे, हॉस्पिटलमध्ये जा, कुठली गोळी घेतली ते दाखवा, आणि पुढे कायम लक्षात ठेवा की ही गोळी आपल्याला चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही औषधं रोजची नाहीत. अटॅकपुरती, सलग घ्यावी लागली तर दोन-तीन दिवस, त्याच्यापुढे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. का? तर तोल सांभाळण्याची जी यंत्रणा आहे, कान, डोळे आणि मेंदू मिळून, ती गडबड झाल्यावर स्वतःला परत जुळवून घेते, आणि ह्या गोळ्या ती यंत्रणाच दाबून ठेवतात. रोज दाबून ठेवलं की मेंदूला जुळवून घ्यायची संधीच मिळत नाही, आणि मग अटॅक नसतानाही दिवसभर डोकं हलकं, पावलं तिरपी, गर्दीत नको वाटणं असं चालू राहतं, आणि त्या त्रासासाठी माणूस परत तीच गोळी घेतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ह्या चिंतेवर-झोपेसाठी देतात त्या गोळ्यांचंही तेच, अटॅक दबतो हे खरं, पण सवय लागते आणि सुटता सुटत नाही.

बीटाहिस्टिनचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो कारण चक्कर म्हटलं की चिठ्ठीवर ते असतंच. ते मुळात मेनिएर्ससाठी वापरलं जातं. मायग्रेनच्या चक्करवर त्याचा पक्का पुरावा नाही. तुम्हाला वर्षभर चालू असेल तर बंद करा असं मी म्हणत नाहीये, पण "हे मला कशासाठी आहे आणि किती दिवस" हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

आणि ट्रिप्टान? सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे. डोकेदुखीच्या मायग्रेनवर ह्या चांगल्या गोळ्या आहेत, पण चक्करवर तसा अनुभव नाही. रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅमची खास व्हेस्टिब्युलर मायग्रेनसाठी ट्रायल झाली, तासाभरानं चक्कर किती कमी झाली ते बघितलं, आणि खोट्या गोळीपेक्षा (तुलनेसाठी देतात ती, औषध नसलेली गोळी) काही जास्त फायदा दिसला नाही. मग उपयोग कुठे, तर तुमच्या अटॅकमध्ये डोकेदुखी पण असेल तर त्या डोकेदुखीसाठी. हृदयविकार, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), पूर्वी स्ट्रोक, आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान घ्यायचीच नाही. आणि प्रोप्रानोलॉल (बीपीची गोळी, मायग्रेनसाठी रोज पण देतात) चालू असेल तर रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस कमी करावा लागतो, म्हणून दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जात असाल तर दोघांना सगळ्या गोळ्या दाखवा.

तो डायरीतला महिन्याचा आकडा आता काढा. साधी पेनकिलर, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान आणि मिश्र पेनकिलर (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली) महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्यावर चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवायला लागतात. आकडा तिथे पोचायच्या आधीच डॉक्टरकडे जा, कारण तो आकडा म्हणजे आता रोजच्या औषधाची वेळ आली ह्याची खूण आहे.

पायरी ४: रोजचं औषध मला लागणार का

सगळ्यांना लागत नाही. वर्षातून तीन-चार अटॅक येत असतील आणि दोन-चार तासांत उतरत असतील तर रोज गोळी घेण्यात अर्थ नाही, अटॅकची गोळी जवळ ठेवा, झोप-जेवणाच्या वेळा सांभाळा, झालं. पण महिन्याला अनेक अटॅक, किंवा अटॅक कमी पण दोन-दोन दिवस अंथरुणात, किंवा अटॅक येईल ह्या भीतीनं कामावर जाणं, गाडी चालवणं, एकटं बाहेर पडणं बंद झालंय, तर रोजच्या औषधाचं बोलायला हवं. शेवटचं कारण लोक डॉक्टरला सांगतच नाहीत, त्यांना वाटतं ते आजारात मोडत नाही. मोडतं.

पायरी ५: कुठलं औषध, हे कशावरून ठरतं

स्पष्टच सांगते, व्हेस्टिब्युलर मायग्रेनसाठी म्हणून खास बनवलेलं औषध आजच्या घडीला नाही. जी देतात ती सगळी डोकेदुखीच्या मायग्रेनवरून उसनी घेतलेली. २०२३ मध्ये कॉक्रेनने (औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) सगळे अभ्यास चाळून बघितले आणि निष्कर्ष काढला की पुरावा फारच कमकुवत आहे. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलच्याच घरातली गोळी, तिची जर्मनीत ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, त्यात गोळीवाल्यांचे अटॅक कमी झाले आणि खोट्या गोळीवाल्यांचे पण तेवढेच कमी झाले, शिवाय पुरेसे पेशंट न मिळाल्यानं ती आधीच थांबवावी लागली. म्हणजे औषधं निरुपयोगी आहेत का? तसं नाही, बऱ्याच लोकांना फरक पडतो, पण "हेच बेस्ट" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे तसं सांगण्याइतका पुरावा नाही.

मग डॉक्टर निवडतात कसं? तुमच्या बाकीच्या तब्येतीवरून. आणि हे मला फार पटतं, कारण फायद्याची खात्री सगळ्यांची सारखीच असेल तर ज्याचा त्रास तुम्हाला कमी आणि जोडफायदा जास्त, ते आधी.

बीपी जास्त असेल, हातपाय थरथरत असतील तर प्रोप्रानोलॉल. पण दमा असेल तर अजिबात नाही, हे ओरडून सांगा डॉक्टरला, लहानपणी असला आणि आता बरा असला तरी सांगा. नाडी आधीच हळू असेल तरी नाही. डायबेटिसवाल्यांनी पण विचारायचं, कारण शुगर उतरल्यावर जी छातीत धडधड होते ती ह्या गोळीनं झाकली जाते आणि कळतच नाही. थकवा येतो, हात गार पडतात, जिना चढताना दम लागल्यासारखं होतं.

झोप लागत नसेल, मान-खांदे कायम आखडलेले असतील तर अमिट्रिप्टिलिन, एकदम छोट्या डोसमध्ये, १० मिलिग्रॅमपासून. हे नैराश्यावरचं औषध म्हणून वाचाल आणि दचकाल, पण नैराश्यासाठी डोस याच्या कितीतरी पट असतो. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, वजन वाढतं, सकाळी सुस्ती राहते. सुस्तीवर एक उपाय, झोपायच्या वेळी नाही तर दोन-तीन तास आधी घ्यायची, डॉक्टरला विचारून. काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर आधी सांगा.

चक्करसोबत चिंता, घाबरटपणा जास्त असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, ३७.५ मिलिग्रॅमपासून. पहिला आठवडा मळमळतं, मग बसतं. बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. डोस चुकवायचा नाही ह्या गोळीचा, ते का हे शेवटी सांगते.

फ्लुनारिझिन, रात्री ५ किंवा १० मिलिग्रॅम, चक्करवाल्या मायग्रेनमध्ये पुष्कळ ठिकाणी वापरतात, सगळ्या देशांत मिळत नाही. झोप येते आणि भूक वाढते, वजनाचा काटा सरकतो. पण मुख्य सांगायचं ते वेगळं, ह्या गोळीनं मन उदास होऊ शकतं आणि हातापायाला कंप, हालचाली मंद अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, वयस्करांमध्ये जास्त. पूर्वी डिप्रेशन झालेलं असेल किंवा पार्किन्सन असेल तर ही नको. आणि "काही महिने" म्हणून दिलेली ही गोळी रिपीट करत करत वर्षानुवर्षं घेणारे आहेत, कोणी बंदच करायला सांगितलं नाही म्हणून. तसं करू नका, कधी थांबवायची ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सिनारिझिन तिचीच बहीण, तेच नियम.

वजन वाढायला नको असेल तर टोपिरामेट, २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, सोडा-कोल्ड्रिंकची चव बिघडते, आणि बोलता बोलता शब्द सापडत नाही. शिकवणारे, सेल्सवाले ह्यांना हा शब्द न सापडण्याचा प्रकार फार जड जातो. पाणी भरपूर प्यायचं, मूतखड्याचा धोका असतो. डोळा अचानक लाल होऊन दुखला आणि धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

मूल व्हायचं असेल, किंवा होऊ शकत असेल तर हे दोनदा वाचा. व्हॅल्प्रोएट (फिट्सचं औषध, मायग्रेनसाठी पण रोज देतात) आणि टोपिरामेट दोन्हीमुळे गर्भात दोष येण्याचा धोका आहे, व्हॅल्प्रोएटचा तर खूपच. दिवस राहिल्यावर नाही, त्याच्या आधी बोलायचं, कारण कळेपर्यंत पहिले महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. टोपिरामेटच्या जास्त डोसनं गर्भनिरोधक गोळीचा परिणाम पण कमी होऊ शकतो.

नवीन सीजीआरपीची इंजेक्शनं (सीजीआरपी हा मायग्रेनमध्ये शरीरात वाढणारा एक पदार्थ, ही त्याला अडवतात), एरेनुमॅब, गॅल्कानेझुमॅब वगैरे, २०१८ पासून डोकेदुखीच्या मायग्रेनसाठी आली. चक्करवर गॅल्कानेझुमॅबच्या एका छोट्या ट्रायलमध्ये फायदा दिसलाय, आशा ठेवण्यासारखं आहे, पण छोटी ट्रायल ती छोटी ट्रायल. मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ रोज ४०० मिलिग्रॅम, हे पण बरेच डॉक्टर देतात. मॅग्नेशियमनं पोट ढिलं होतं, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. बी-२ नं लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.

पायरी ६: सुरू केल्यावरचे पहिले तीन महिने

इथेच निम्मे लोक गळतात. कारण साईड इफेक्ट पहिल्या दिवसापासून आणि फायदा दोन महिन्यांनी, असा हा उलटा व्यवहार आहे.

डोस छोटा सुरू होतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडा थोडा चढवतात. मायग्रेनवाल्यांचं शरीर औषधांना जरा जास्तच बोलतं, त्यामुळे चढवायची घाई करू नका, आणि पहिल्या छोट्या डोसवर फरक पडला नाही म्हणून औषध बाद पण करू नका, तो डोस काम करायचा नसतोच मुळी, तो शरीराला ओळख करून द्यायचा असतो. ठरलेल्या डोसवर पोचल्यापासून ८ ते १२ आठवडे मोजायचे, चिठ्ठी मिळाल्याच्या दिवसापासून नाही. तेवढं झालं की डायरी उघडायची आणि आधीच्या महिन्यांशी तुलना करायची. अटॅकचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं म्हणायचं. पूर्ण बंद होतील अशी अपेक्षा ठेवलीत तर चांगलं चाललेलं औषध फेकून द्याल. अटॅक तेवढेच पण आधी दिवसभर चालायचा तो आता दोन तासांत उतरतो, हाही फायदाच आहे, म्हणून डायरीत तास लिहायचे.

एका वेळी एकच बदल. गोळी सुरू केली, त्याच आठवड्यात चहा-कॉफी बंद, नवीन सप्लिमेंट आणि नवा चष्मा, असं केलं तर कशानं फरक पडला ते देवालाच माहीत.

कॅप्सूल फोडून किंवा गोळी तोडून घ्यायच्या आधी विचारा. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या असतात, नावापुढे एसआर, एक्सआर, एलए असं काहीतरी असतं, त्या चुरल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

अटॅकमध्ये नसताना चालणं-फिरणं चालू ठेवा. अटॅकच्या मधल्या काळात पण डुलल्यासारखं राहत असेल तर तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओ असतात, गोळीनं अटॅक जरा आटोक्यात आले की तो व्यायाम जास्त सोसतो.

एक औषध नाही चाललं तर दुसऱ्या घरातलं बघायचं. दोन-तीन बदलल्यावर जुळणं हे इथे नेहमीचं आहे. पण योग्य डोसवर पुरेसे आठवडे दिल्यावरच "नाही चाललं" म्हणायचं, आणि डायरीत लिहून ठेवायचं, औषध कुठलं, जास्तीत जास्त डोस किती, किती आठवडे, का बंद केलं. नवीन डॉक्टरला ही चार रकान्यांची यादी जाडजूड फाईलपेक्षा जास्त कामाची.

पायरी ७: बंद कसं करायचं

चांगलं चाललं तर साधारण ६ ते १२ महिने घेऊन मग डॉक्टर कमी करत आणतात. आपल्या मनानं, स्ट्रिप संपली म्हणून, एका दिवसात नाही. प्रोप्रानोलॉल एकदम सोडली तर नाडी आणि बीपी उसळतं, हृदयाचा त्रास असलेल्याला ते धोक्याचं. टोपिरामेटही हळूहळू उतरवतात. फ्लुनारिझिनचं उलटं, ती अंगातून पूर्ण जायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे बंद केल्यावर पंधरा दिवस बरं गेलं म्हणजे आता तिची गरज नाही असा अर्थ काढू नका.

आणि व्हेन्लाफॅक्सिनचं जे मघाशी राहिलं ते हे. ती अचानक सोडली किंवा एक-दोन डोस चुकले तरी डोकं हलकं होतं, चक्कर येते, मळमळतं, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घेतली तोच त्रास, आणि माणसाला वाटतं मायग्रेन उसळलं, मग अटॅकच्या गोळ्यांवर गोळ्या. डोस कमी केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत चक्कर आली तर आधी तारखा जुळवून बघा, आणि डॉक्टरला फोन करून विचारा की ही गोळी उतरवण्याची चक्कर आहे का मायग्रेनची, कारण पहिल्या कारणात उतरवायचा वेग कमी करायचा असतो आणि दुसऱ्यात औषध परत चालू करायचं का ते ठरवायचं असतं.